मॉडेलिंग म्हणजे नेमकं काय? एका तलावाचं गणित मोबाईलवर मांडून शिकूया

हवामानाच्या बातम्यांमध्ये 'मॉडेलनुसार पुढच्या आठवड्यात पाऊस' असं वाक्य हमखास असतं. पुराच्या बातमीत मॉडेल, प्रदूषणाच्या बातमीत मॉडेल, वाघांच्या मोजणीतही मॉडेल. पण हे मॉडेल म्हणजे नक्की काय, ते कोण बनवतं आणि आपल्याला घरी बसून बनवता येईल का? येईल. त्यासाठी एक मोबाईल, गुगल शीट्स आणि शाळेतलं बेरीज-वजाबाकीचं गणित पुरतं. सुपरकॉम्प्युटर नंतर बघू.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पर्यावरणशास्त्रज्ञ नाही. हे सगळं शिकलो ते एका चुकीमुळे. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी हे माझ्या मामाचं गाव. धानाचा मुलूख. पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये सगळ्यांच्या नजरा तलावाकडे लागतात, कारण भारी धान तेव्हा निसवत असतो आणि दाणा भरायच्या वेळी बांधीत पाणी नसेल तर लोंबी पोचट राहते. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवसांत मी सुट्टीवर तिकडे होतो. मामाने सहज विचारलं, "काय म्हन्ते तुहा मोबाईल? पानी दिवारीवरी पुरंल का?" मी लॅपटॉप उघडला, अर्ध्या तासात हिशेब केला आणि छातीठोकपणे सांगितलं, "चार आठवडे आरामात." पाणी बाविसाव्या दिवशी संपलं. मामाच्या बांध्या पाटाच्या शेवटाला आहेत. घाई नाही म्हणून त्याने वरच्या लोकांना आधी पाणी घेऊ दिलं होतं, माझ्या भरवशावर. त्या वर्षी त्याचा शेवटच्या बांध्यांमधला धान निम्माच भरला.

त्या हिशेबात कुठे चुकलं, हे शोधताना मॉडेलिंगच्या बहुतेक मूलभूत गोष्टी समजल्या. त्याच क्रमाने सांगतो. तलावाचं नाव देत नाही आणि गणित डोक्यात राहावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

मामा तलाव आणि बादली

आधी तलावाबद्दल थोडं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात जुन्या तलावांची दाटी आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. म्हणून सरकारी कागदात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. माझ्या मामाशी संबंध नाही, योगायोग आहे. या तलावांना तीन भाग असतात: मातीची पाळ, पाणी सोडायचं तुडूम आणि जास्तीचं पाणी निघून जायला सलंग, म्हणजे सांडवा.

आता मॉडेल. मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची मुद्दाम सोपी केलेली नक्कल, जिला आपण प्रश्न विचारू शकतो. 'मुद्दाम' हा शब्द महत्त्वाचा आहे. तलावात मासे आहेत, शिंगाडा आहे, बेशरमाची झुडपं आहेत, संध्याकाळी पाण्यावर उतरणारे पक्षी आहेत. माझा प्रश्न 'पाणी किती दिवस पुरेल' एवढाच असेल तर यातलं बहुतेक सगळं मी सोडून देऊ शकतो. प्रश्न 'मासळी किती निघेल' असता तर मॉडेल वेगळं झालं असतं. म्हणजे आधी प्रश्न, मग मॉडेल. उलटं केलं की माणूस तीन महिने पायथॉन शिकतो आणि हाती काही लागत नाही. अनुभव आहे.

आपल्या प्रश्नापुरता तलाव म्हणजे एक बादली:

आजचा साठा = कालचा साठा + आलेलं पाणी − उडून गेलेलं − मुरलेलं − शेतीला सोडलेलं − सांडव्यावरून गेलेलं

यालाच जलसंतुलन म्हणतात. पाणी कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं, मध्येच गायब होत नाही. पर्यावरणातली बरीच मॉडेल्स या एकाच कल्पनेवर उभी आहेत. हवेतला धूर, मातीतलं नत्र, वातावरणातला कार्बन, सगळीकडे साठा आणि प्रवाह. कुणी मोबाईल गेम बनवला असेल तर त्याला हे लगेच कळेल: हा गेम लूपच आहे. स्टेट घ्या, एक पाऊल पुढे न्या, नवीन स्टेट साठवा, परत तेच.

यात तीन प्रकारचे आकडे येतात आणि त्यांची सरमिसळ करू नका. साठा ही 'अवस्था', ती रोज बदलते आणि मॉडेल ती स्वतः काढतं. पाऊस हे 'इनपुट', ते बाहेरून येतं. आणि तलावाची खोली, पाझराचा वेग, पाटातली गळती हे 'पॅरामीटर', म्हणजे त्या जागेचे ठरलेले गुण. मॉडेल चुकलं की पहिला संशय पॅरामीटरवर घ्यायचा.

युनिटचा एक छोटा नियम पाठ करून टाका: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. पाऊस आणि बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये असतं, साठा घनमीटरमध्ये. या दोघांची थेट बेरीज करणं ही नवशिक्यांची सर्वात कॉमन चूक.

दीडशे वर्षांपूर्वीचं नागपूरचं मॉडेल

आमचा तलाव असा: भरल्यावर क्षेत्र २० हेक्टर, सरासरी खोली २ मीटर, म्हणजे ४ लाख घनमीटर पाणी. पाणलोट, म्हणजे जिथला पाऊस वाहत तलावात येतो ते क्षेत्र, २५० हेक्टर. पाणी घेणारी शेती ६० हेक्टर.

पाणलोटावर पडलेल्या पावसातलं किती पाणी तलावापर्यंत पोचतं? याचं उत्तर आपल्याच भागात १५० वर्षांपूर्वी शोधलं गेलंय. अलेक्झांडर बिनी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरकडे नागपूरच्या पाणीपुरवठ्याचं काम होतं. पुढे लंडनला जाऊन त्याने थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा केला, तोच हा. त्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ आणि १८७२ साली पाऊस आणि वाहून आलेलं पाणी दोन्ही मोजलं आणि टक्केवारी काढली. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्के वाहतो, ७०० ला २५ टक्के, ९०० ला ३४ टक्के, ११०० ला ४० टक्के. विदर्भ आणि मध्य प्रदेशात तलावांचं उत्पन्न काढायला ही टक्केवारी पुढे वापरली गेली आणि हायड्रॉलॉजीच्या पुस्तकांत ती अजून छापतात.

या चार आकड्यांकडे जरा थांबून बघा. ५०० चे १५ टक्के म्हणजे ७५ मिलिमीटर. ११०० चे ४० टक्के म्हणजे ४४०. पाऊस सव्वादोनपट झाला, पण वाहतं पाणी जवळजवळ सहापट. कारण सुरुवातीचा पाऊस कोरडी माती पिऊन टाकते आणि तिची तहान भागली की नंतरचा पाऊस वाहतो. 'पाऊस दहा टक्के कमी, म्हणजे तलाव दहा टक्के रिकामा' असा हिशेब म्हणूनच फसतो.

आणि दुसरी गोष्ट: बिनीचा तक्ता ११०० मिलिमीटरला संपतो. भंडारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस त्याहून जास्त, १३०० च्या आसपास आहे. मग १३०० ला किती टक्के धरायचे? रेघ पुढे ओढता येते, पण ती मोजलेली रेघ नाही. मॉडेल ज्या आकड्यांवर बनलं त्यांच्या बाहेर ते वापरणं म्हणजे आपल्या जबाबदारीवर वापरणं.

आता ११०० मिलिमीटरच धरू. ४४० गुणिले २५० हेक्टर गुणिले १०, म्हणजे ११ लाख घनमीटर. तलावात मावतात ४ लाख. तलाव पावणेतीन वेळा भरेल! मग पाणी कमी पडायचं कारणच काय?

वर्षाचा आकडा का फसवतो

कारण हे ११ लाख घनमीटर जुलै-ऑगस्टमध्ये येतं, तलाव भरतो आणि उरलेलं सलंगावरून वाहून जातं. ऑक्टोबरमध्ये हाताशी फक्त बादलीत उरलेलं पाणी. वर्षाच्या हिशेबाला हे दिसतच नाही, कारण त्यात 'कधी' नाही. मॉडेल किती-किती वेळाच्या पावलांनी पुढे सरकतं, त्याला टाइम स्टेप म्हणतात आणि ती प्रश्नाला शोभेल अशीच हवी. धानाला आठवडाभर पाणी नसलं तरी नुकसान होतं, म्हणून आपली स्टेप आठवड्याची किंवा त्याहून बरी दिवसाची.

तर ऑक्टोबरचा हिशेब आठवड्याचा करू. पाऊस शून्य.

बाष्पीभवन रोज ४ मिलिमीटर धरलं तर आठवड्याला २८. गुणिले २० हेक्टर गुणिले १०, म्हणजे ५,६०० घनमीटर. पाझर रोज ३ मिलिमीटर, म्हणजे आठवड्याला ४,२००. दोन्ही मिळून साधारण १० हजार.

धानाच्या बांधीला रोज १० मिलिमीटर (पिकाचं पाणी अधिक बांधीत मुरणारं), म्हणजे ६० हेक्टरला आठवड्याला ४२ हजार घनमीटर. पण पाट मातीचा आहे. तुडुमातून सोडलेल्या पाण्यातलं ६० टक्केच शेतात पोचतं असं धरलं, तर सोडावं लागतं ७० हजार.

एकूण खर्च आठवड्याला ८० हजार घनमीटर. भरलेल्या तलावात ४ लाख, त्यातलं तुडुमाच्या खालचं ६० हजार निघत नाही (आणि ते मासळीसाठी राहायलाही हवं). हाताशी ३ लाख ४० हजार. भागिले ८० हजार, म्हणजे सव्वाचार आठवडे.

हेच मी मामाला सांगितलं होतं. गणितात एकही चूक नव्हती.

कुठला आकडा खोटा होता?

पाणी संपल्यावर मी जे केलं ते आधी करायला हवं होतं: प्रत्येक पॅरामीटर २० टक्क्यांनी हलवून बघितला. याला सेन्सिटिव्हिटी तपासणं म्हणतात. शीटमध्ये एक सेल बदलायचा आणि उत्तर किती हलतं ते बघायचं, बस.

बाष्पीभवन २० टक्के वाढवलं: ४.२५ चे ४.२ आठवडे. म्हणजे काहीच नाही. मी मात्र बाष्पीभवनाचं सूत्र कोणतं चांगलं यावर पूर्ण रविवार घालवला होता.

पाटातून पोचणारं पाणी ६० टक्क्यांऐवजी ७२ टक्के केलं: जवळजवळ ५ आठवडे.

सरासरी खोली २ मीटरऐवजी १.६ मीटर केली: सव्वातीन आठवडे. २३ दिवस!

हा आकडा बघून मी गप्प झालो. २ मीटर खोली कुठून आली होती? एका जुन्या नोंदीतून, आणि ती किती जुनी हे मी विचारलंही नव्हतं. तलावात दरवर्षी पाण्याबरोबर माती येते आणि बसते. गाळ. बाहेरून तलाव तेवढाच दिसतो, पाणी काठोकाठ दिसतं, पण बादलीचा तळ वर आलेला असतो.

पुढच्या वर्षी तलाव भरल्यावर खोली प्रत्यक्ष मोजली. मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींपैकी एक काका डोंगा घेऊन आले. खुणा केलेला बांबू त्यांच्या हातात, मोबाईल माझ्या. ठिकाण मोबाईलच्या जीपीएसने, खोली बांबूने. (मोबाईलच्या जीपीएसने उंची मोजायचा मोह आवरा. आडव्या अंतरात तो काही मीटरने चुकतो तेवढं चालतं, पण उभ्या अंतरातही काही मीटर चुकतो आणि आपली अख्खी खोलीच दोन मीटर आहे.) चाळीस ठिकाणं झाली, दीड दिवस गेला, सरासरी १.६ मीटर निघाली. काकांनी दुसऱ्याच तासाला सांगितलं होतं, "पाळीकडं आहे पानी, मंधात तं गारच गार." त्यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

बांबूवर कॅलिब्रेशन

खोली मोजता आली, पण पाझर कसा मोजणार? तो दिसत नाही. इथे मॉडेल उलटं चालवतात. तलावात खुणांचा बांबू रोवला. तुडूम बंद, पाऊस नाही, सलंग कोरडा, अशा दहा दिवसांत पातळी ७ सेंटीमीटर उतरली. रोज ७ मिलिमीटर. यातलं ४ बाष्पीभवन धरलं तर उरलेलं ३ पाझर. निरीक्षणाशी जुळेपर्यंत पॅरामीटर फिरवणं, याला कॅलिब्रेशन म्हणतात.

पण एक मेख आहे. बाष्पीभवन ५ आणि पाझर २ धरलं तरी बेरीज ७ च येते. ६ आणि १ धरलं तरी तीच. बांबूला बेरीज कळते, वाटणी कळत नाही. अनेक जोड्या एकच उत्तर देतात आणि 'मॉडेल जुळलं' एवढ्यावरून आपली जोडी खरी ठरत नाही. ऑक्टोबरच्या प्रश्नाला याने फरक पडत नाही, बेरीज पुरते. पण याच शीटवरून कुणी 'मे महिन्यात तलाव कधी आटेल' विचारलं तर फरक पडेल, कारण उन्हाळ्यात बाष्पीभवन खूप वाढतं आणि पाझर तसा वाढत नाही.

कॅलिब्रेशनला वापरलेल्या दिवसांवरच मॉडेल तपासलं तर ते पास होणारच. पेपर आधी फुटल्यासारखं आहे ते. म्हणून काही नोंदी बाजूला ठेवायच्या आणि नंतर त्यांच्यावर तपासायचं. याला व्हॅलिडेशन म्हणतात.

तुमचं शीट कसं बनवाल

गुगल शीट्समध्ये आठ रकाने करा: तारीख, पाऊस, आवक, बाष्पीभवन, पाझर, सिंचन, सांडवा, साठा. पॅरामीटर वेगळ्या टॅबवर ठेवा, सूत्रात आकडे थेट टाकू नका, नाहीतर सेन्सिटिव्हिटी तपासताना रडाल. साठ्याला दोन कुलपं लावा: मॅक्स फंक्शनने तो शून्याच्या खाली जाऊ देऊ नका, मिन फंक्शनने क्षमतेच्या वर जाऊ देऊ नका. वरचं जास्तीचं पाणी सांडव्याच्या रकान्यात.

पावसाचे आकडे राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या वेबसाईटवर महसूल मंडळानुसार मिळतात. इतर हवामानासाठी नासाची 'पॉवर' ही मोफत सेवा आहे, नकाशावर बोट ठेवलं की रोजची माहिती डाउनलोड होते. तलावाचं क्षेत्र गुगल अर्थ अॅपमध्ये काठाकाठाने बिंदू टाकून मोजता येतं. पाणी वर्षभरात कसं पसरतं-आक्रसतं हे बघायचं तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत आहेत, एक ठिपका १० मीटरचा. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे त्यात पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ कामाला येतो.

रोजच्या पावसातून आवक काढायला बिनीचा तक्ता चालत नाही, तो वर्षाचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात काढलेली 'कर्व्ह नंबर' पद्धत वापरतात. माती आणि जमिनीच्या वापरानुसार एक नंबर घ्यायचा, समजा ८०. मग मातीची साठवण = २५४०० ÷ ८० − २५४, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. तिच्या ०.२ पट, म्हणजे १२.७ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस वाहतच नाही. त्यापुढे:

वाहतं पाणी = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण)

आकडे टाकून बघा. एका दिवसात २५ मिलिमीटर पावसाला वाहतात फक्त २ मिलिमीटर. ५० ला जवळपास १४. आणि १०० ला ५०! म्हणजे तोच १०० मिलिमीटर पाऊस चार वेगवेगळ्या दिवशी पडला तर तलावाला ८ मिलिमीटर, आणि एकाच दिवशी कोसळला तर ५०. (सलग दिवस पडला तर माती ओली राहते, मग फरक एवढा नसतो.) 'सरासरी गाठली' ही बातमी तलावासाठी अपुरी का असते, ते या दोन आकड्यांत दिसतं.

पहिलं शीट चाललं की एक सुधारणा जरूर करा. आपण तलावाचं क्षेत्र कायम २० हेक्टर धरलंय. खरं तर पाणी उतरतं तसा काठ आत सरकतो, त्यामुळे बाष्पीभवनही कमी होतं. खोलीच्या मोजणीतून 'एवढ्या साठ्याला एवढं क्षेत्र' असा छोटा तक्ता करून जोडता येतो.

पुढे जायचं असेल तर गुगल कोलॅबवर पायथॉन मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं, आणि लॅपटॉप मिळाला तर क्यूजीआयएस व एचईसी-एचएमएस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पण बादली स्वतः लिहिल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊ नका. तिथे बटण दाबलं की रंगीत नकाशा येतो आणि रंगीत नकाशा आला की माणूस शंका घेणं सोडतो.

मग एआयला का विचारू नये?

हा प्रश्न येणारच. मशीन लर्निंगची मॉडेल्स पाण्याच्या क्षेत्रात आहेत आणि चांगली आहेत. गुगलने पुराच्या इशाऱ्यांची सुरुवात २०१८ मध्ये पाटण्यापासून केली, आज त्यात हेच तंत्र वापरतात. पण त्यामागे हजारो ठिकाणांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. आपल्याकडे एक बांबू आणि दोन हंगाम. एवढ्यावर शिकवलेलं मॉडेल पाठांतर करतं. शिवाय पाणी हवेतून निर्माण होत नाही, हे बादलीला आधीपासून माहीत असतं, मशीन लर्निंगला ते वेगळं सांगावं लागतं.

मोठ्या मॉडेलच्या मर्यादाही समजून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा एक चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधीचा १२ किलोमीटरचा होता. ही मोठीच झेप. तरी ६ गुणिले ६ म्हणजे ३६०० हेक्टर, आणि आपलं पाणलोट २५० हेक्टर. एका चौकोनात असे चौदा तलाव बसतील आणि मॉडेल त्या सगळ्यांना एकच पाऊस देईल. तुमच्या अॅपमध्ये पाऊस दाखवतो आणि अंगणात ऊन असतं, त्याचं एक कारण हे आहे.

आणि उलट बाजूने, बादली कुठे संपते हेही ठरवावं लागतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं. त्यातलं बरंचसं पाणी वर मध्य प्रदेशात झालेल्या पावसाचं होतं, संजय सरोवरासारख्या धरणांतून सोडलेलं. फक्त जिल्ह्यातला पाऊस मोजणाऱ्या मॉडेलला तो पूर कधीच दिसला नसता. माझ्या तलावाची सीमा पाणलोटाच्या कडेला संपते, नदीची सीमा दुसऱ्या राज्यात जाते.

दुसऱ्या वर्षीचं उत्तर

त्या वर्षी मामाने परत विचारलं. (विचारलं, हेच खूप.) या वेळी मी एक आकडा दिला नाही. खोली १.६ मीटर, पाटातून ५५ टक्के पोचलं तर २१ दिवस, ७० टक्के पोचलं तर २६ दिवस. "एकवीस ते सव्वीस, आणि फरक पाटाचा आहे," एवढंच. यावर गावात चर्चा माझ्या मॉडेलची झाली नाही, पाटाची झाली. लोकांनी चार दिवस लागून पाट साफ केला आणि पाळी शेवटच्या बांध्यांपासून सुरू करायचं ठरवलं.

पाणी २८ दिवस चाललं. मामाच्या बांध्या भरल्या, पण मॉडेल परत चुकलं होतं, या वेळी दुसऱ्या बाजूला. मधल्या एका रात्री पाणलोटाच्या वरच्या अंगाला चांगला पाऊस झाला होता असं तिथले लोक सांगतात. माझ्या शीटमध्ये त्या दिवशी शून्य आहे, कारण मंडळाच्या पर्जन्यमापकावर शून्य होतं. उलटं गणित केलं तर ४० मिलिमीटरचा एक पाऊस तलावाला साधारण दोन दिवसांचं पाणी देतो, म्हणजे हिशेब जुळतो. पण पाट साफ केल्यामुळे पोचणारं पाणी माझ्या ७० टक्क्यांच्या वर गेलं असेल, तरीही जुळतो. दोन कारणं, एकच उत्तर. पाझर आणि बाष्पीभवनाचीच गोष्ट परत.

यंदा म्हणून पाणलोटात वरच्या बाजूला एक घरगुती पर्जन्यमापक बसवलाय. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, तोंड आणि अंग एकाच रुंदीचं. असं असलं की आत साचलेल्या पाण्याची उंची हाच मिलिमीटरमधला पाऊस. तळाचा खोलगट भाग सिमेंटने भरून सपाट केला आणि बाहेरून पट्टी चिकटवली. हवामान खातं सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेतं, म्हणून आमचीही वेळ तीच. नोंद मामाची मुलगी घेते, अकरावीत आहे. फोटो काढते, आकडा शीटमध्ये टाकते आणि बाटली रिकामी करते.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, की बाटली रिकामी करायला एक दिवस विसरलं तर दोन दिवसांचा पाऊस एकाच दिवशी लिहायचा का. वर दिलेल्या सूत्रात २५ आणि ५० टाकून बघा, ती हे का विचारतेय ते कळेल.